गाडी गरम होतेय, कूलंटची रिझर्व्ह टाकी मात्र भरलेली. नेमकं तपासायचं काय?

तिसरा_गियर | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. माझी मोटरसायकल साधारण ३०० सीसीची, एका सिलिंडरची, लिक्विड कूल्ड आहे. ४१ हजार किलोमीटर झालेत. मीटरवर तापमानाच्या ६ काड्या आहेत. इतकी वर्षं कायम ३ काड्या, गर्दीत ४, मग फॅन लागायचा आणि पुन्हा ३. याबाहेर गाडी कधी गेली नाही.

तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदाच स्वतः कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बदललं. जुनं तीन वर्षांचं झालं होतं. त्यानंतर गर्दीत सरपटत चालताना ३ वरून थेट ५ काड्या होतात, त्याही मिनिटभरात. परवा ६ झाल्या आणि लाल दिवा लागला. लगेच कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि पाऊण तास थांबलो. मोकळ्या रस्त्यावर ६०–७० च्या वेगात सगळं ठीक असतं.

कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की रिझर्व्ह टाकी भरलेली आहे, उलट वरच्या खुणेच्याही थोडी वर. जमिनीवर एक थेंब नाही. गाडी उभी केल्यावर कधीकधी गोडसर वास येतो. गॅरेजमध्ये नुसती लक्षणं सांगितली तर 'हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरच्या हेडच्या मधलं सील) गेलं, इंजिन उघडावं लागेल' असं सांगितलं. उघडण्याआधी मला स्वतःला खात्री करून घ्यायची आहे. कुठून सुरुवात करू?

वळणवाट | रविवार, रात्री ९:४०

हेड गॅस्केटच असणार. माझ्या आधीच्या गाडीची हीच तक्रार होती: गर्दीत गरम, रिझर्व्ह टाकी ओसंडून वाहायची. मी दोन महिने दुर्लक्ष केलं आणि हेड वाकलं. वेळ घालवू नका.

जुना_पाना | रविवार, रात्री १०:२५

तिसरा_गियर भाऊ, लाल दिवा लागल्याबरोबर गाडी बंद केलीत हे फार बरं केलंत. बरेच जण 'घर जवळच आहे' म्हणून दामटतात आणि तिथेच पिस्टन-सिलिंडरचं कायमचं नुकसान होतं.

आता एक प्रश्न. त्या दिवसानंतर रेडिएटरची कॅप उघडून आत बघितलंत का? रिझर्व्ह टाकी नव्हे, रेडिएटर.

रिझर्व्ह टाकी भरलेली म्हणजे कूलंट पुरेसं, असं बहुतेकांना वाटतं. ती टाकी प्रत्यक्ष थंड करण्याच्या फेऱ्यात नसतेच. ती बाजूचं भांडं आहे. इंजिन तापलं की कूलंट फुगतं. कूलंट-पाण्याचं ५०-५० मिश्रण थंड अवस्थेतून ९० अंशांपर्यंत जाताना साधारण ४ टक्के वाढतं. तुमच्या गाडीत सव्वा लिटर बसत असेल तर ५० मिली जादा होतं. ते कॅपच्या स्प्रिंगला उचलून नळीतून टाकीत जातं. गाडी निवली की आत निर्वात होतं, कॅपमधली दुसरी छोटी झडप उघडते आणि तेच ५० मिली परत ओढलं जातं. ही ये-जा रोज चालते.

ज्या गाडीत कूलंट जातं पण परत येत नाही, तिची टाकी भरत जाते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. 'खुणेच्या वर' हे तुमचं वाक्य वाचून मला तोच संशय आला.

उद्या सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची कॅप उघडा. गरम असताना चुकूनही हात लावू नका, अगदी फडकं धरूनसुद्धा नाही. दाबाखालचं १०० अंशांच्या वरचं कूलंट कॅप उघडताच उकळून अंगावर येतं. माझ्यासमोर एका पोराचा हात कोपरापर्यंत भाजला आहे. मी २२ वर्षं हे काम करतोय, तरी रेडिएटरला हात लावून गार लागल्याशिवाय कॅप फिरवत नाही.

मापाचं भांडं घ्या. गळ्यापर्यंत भरायला किती लागलं ते लिहा. 'थोडंसं' लिहू नका, आकडा लिहा.

तिसरा_गियर | सोमवार, सकाळी ७:५०

उघडलं. आत कूलंट दिसतच नव्हतं! गळ्यापर्यंत भरायला २८० मिली लागलं. रिझर्व्ह टाकी मात्र वरच्या खुणेच्या वरच. म्हणजे तीन आठवडे मी चुकीच्या जागी बघत होतो.

पण दादा, हे २८० मिली गेलं कुठे? टाकीत तर एवढी जादा जागा नाही.

जुना_पाना | सोमवार, सकाळी ८:३०

काही टाकीत गेलं. टाकी भरल्यावर तिच्या वरच्या नळीतून रस्त्यावर गेलं, चालत्या गाडीतून, म्हणून थेंब दिसला नाही. काही मुळात भरलंच गेलं नसेल. कूलंट बदलल्यावर हवा काढली होती का? इंजिनात वरच्या बाजूला हवा अडकली की रेडिएटर भरल्यासारखा दिसतो. एक-दोन वेळा गाडी तापली-निवली की हवा वर येते आणि पातळी खाली जाते.

३ वरून ५ काड्या मिनिटभरात, हीसुद्धा हवेचीच खूण. तापमानाचा सेन्सर कूलंटात बुडलेला असेल तर तापमान हळूहळू चढताना दिसतं, कारण सव्वा लिटर द्रव एका मिनिटात एवढा तापत नाही. सेन्सरभोवती हवा असेल तर आधी तो कमी दाखवतो, फॅन उशिरा लागतो, आणि मग वाफेचा झोत लागला की काड्या एकदम उडी मारतात.

मोकळ्या रस्त्यावर ठीक आणि गर्दीत गरम, याचा पहिला संशय फॅनवर जातो. तोही बघाच.

गॅरेजवाली | सोमवार, दुपारी १:१५

फॅन तपासायची पद्धत सांगते. आधी फ्यूज. मग फॅनचा जोड काढून दोन वायरींनी सरळ बॅटरीवर लावा. फिरला तर मोटर ठीक. दिशाही बघा: बहुतेक गाड्यांत फॅन रेडिएटरच्या मागे असतो आणि हवा पुढून मागे ओढतो. कागदाचा कपटा पुढच्या जाळीला चिकटला पाहिजे. वायरी उलट जोडलेल्या असतील तर फॅन हवा पुढे ढकलतो आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याशी भांडत बसतो. बाहेरून फॅन छान फिरताना दिसतो म्हणून ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही.

बॅटरीवर फिरतो पण गाडीत लागत नाही, असं असेल तर रिले किंवा सेन्सर. सेन्सर मल्टीमीटरवर तपासता येतो. तापेल तसा त्याचा रोध कमी व्हायला हवा. किती अंशांना किती ओहम हे तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं.

शिवाय रेडिएटरच्या पात्यांमधून टॉर्चचा उजेड आरपार दिसतो का बघा. चिखल आणि किडे पात्यांच्या मध्ये वाळून विटेसारखे होतात. धुताना जोराचा फवारा अगदी जवळून मारू नका, पाती आडवी पडतात आणि मग वारा कायमचाच अडतो.

कोरडा_रस्ता | सोमवार, दुपारी ३:०२

एवढी भानगड कशाला? थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) काढून टाका. आमच्याकडे दोन गाड्यांचा काढला आहे. कूलंट सतत फिरत राहतं, गाडी गरम होतच नाही. आणि कूलंटऐवजी साधं पाणी घाला, पाणी उष्णता जास्त घेतं.

गॅरेजवाली | सोमवार, दुपारी ३:४०

कोरडा_रस्ता, पाणी उष्णता जास्त घेतं हे खरं आहे, तरी मी कुणालाही हा सल्ला देणार नाही. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, ५०-५० मिश्रण १०७ च्या आसपास, आणि १.१ बार दाबाच्या कॅपखाली तेच मिश्रण सव्वाशे अंशांच्या पुढे उकळतं. शिवाय अ‍ॅल्युमिनियमचं गंजणं थांबवणारी रसायनं कूलंटमध्येच असतात. नळाच्या पाण्यातले क्षार तर सिलिंडरभोवती थर धरतात. तो थर एकदा बसला की इंजिनातली उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. रेडिएटर बघितला तर गार, आणि हेड भाजतंय. मिश्रण करायचंच असेल तर डिस्टिल्ड पाणी वापरा.

थर्मोस्टॅट काढला की इंजिन तापायला खूप वेळ लागतो. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, तेलात ओलावा आणि पेट्रोल उतरतं, सिलिंडर लवकर झिजतो. थर्मोस्टॅटचा संशय असेल तर बाहेर काढून पाण्याच्या भांड्यात टांगा, सोबत थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास, बऱ्याच गाड्यांत ८० च्या थोडं पुढेमागे, तो उघडायला लागतो. नाही उघडला तर नवा टाका. अर्ध्या तासाचं काम आहे.

कोरडा_रस्ता | सोमवार, दुपारी ४:१०

क्षारांचा मुद्दा पटला. एका गाडीचं सिलिंडर उघडलं तेव्हा आत पांढरा थर होता, त्याचा अर्थ आत्ता कळला. थर्मोस्टॅट परत बसवतो.

तिसरा_गियर | सोमवार, रात्री ८:३५

फॅन: बॅटरीवर फिरतो, दिशा बरोबर, कागद चिकटला. गाडीतही ४ काड्यांनंतर लागला. पाती स्वच्छ, उजेड आरपार दिसतो.

हवा कशी काढायची ते सांगता का? मागच्या वेळी मी फक्त कॅपमधून ओतलं, गळ्यापर्यंत आलं तसं बंद केलं.

जुना_पाना | सोमवार, रात्री ९:२०

म्हणजे हवा राहिलीच असणार. मॅन्युअलमध्ये हवा काढायचा बोल्ट कुठे आहे ते बघा. कुठे सिलिंडर हेडवर असतो, कुठे थर्मोस्टॅटच्या घरावर, कुठे वॉटर पंपावर. काही गाड्यांना असा बोल्ट नसतोच.

गाडी थंड. पुढचं चाक थोडं उंच करा, म्हणजे रेडिएटरचा गळा सगळ्यात वर येईल. बारीक धारेने, सावकाश भरा. हवेचा बोल्ट सैल करा आणि बुडबुड्यांशिवाय सलग कूलंट येईपर्यंत थांबा, मग घट्ट करा. आता कॅप उघडी ठेवूनच इंजिन चालू करा, नुसतं आयडलवर. होज पाइप हाताने दाबत राहा, आत अडकलेली हवा सुटते. दोन-तीनदा अ‍ॅक्सिलरेटर हलकेच द्या. पातळी खाली गेली की भरा. कूलंट कोमट होऊन वर चढायला लागण्याआधी कॅप लावून टाका. मग रिझर्व्ह टाकी वरच्या आणि खालच्या खुणांच्या मध्ये आणा, जादा असेल ते काढा.

सांडलेलं लगेच पुसा आणि पाण्याने धुवा. टायरवर पडलं तर तेलासारखं घसरतं. आणि कूलंटमधलं इथिलीन ग्लायकोल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशा प्रमाणातही मरतात. कूलंटचं उघडं ताट ठेवून जेवायला जाऊ नका.

नंतर चार दिवस रोज सकाळी, गाडी थंड असताना, दोन आकडे लिहा: रेडिएटरच्या गळ्यापासून पातळी किती खाली आणि टाकीत पातळी किती. टाकीवर चिकटपट्टी लावून पेनाने खुणा करा.

तिसरा_गियर | शनिवार, सकाळी ८:१०

हे घ्या आकडे. मंगळवारी हवा काढली, बरेच बुडबुडे निघाले. बुधवारी गाडी एकदम शहाणी: ३ काड्या, गर्दीत ४, फॅन, परत ३. मला वाटलं सुटलं.

पण पातळी बोलतेय. रोज सकाळी टाकीतली खूण आदल्या दिवसापेक्षा वर, चार दिवसांत एकूण १४ मिलिमीटर. आज रेडिएटर गळ्यापर्यंत भरायला ११० मिली लागलं. काल संध्याकाळी पुन्हा एकदा ५ काड्या झाल्या.

वळणवाट | शनिवार, सकाळी ९:००

म्हणूनच म्हणतोय, हेड गॅस्केट. हवा काढली तरी पुन्हा येतेय म्हणजे कुठून तरी आत शिरतेय. ज्वलनाचा वायूच तो.

जुना_पाना | शनिवार, सकाळी १०:४५

वळणवाट दादांचं म्हणणं सोडून देण्यासारखं अजिबात नाही. हवा आत शिरतेय हे आता नक्की. प्रश्न एवढाच आहे की कुठल्या वेळी शिरतेय. इंजिन चालू असताना सिलिंडरमधून शिरत असेल तर गॅस्केट किंवा हेड. इंजिन निवताना बाहेरून शिरत असेल तर कॅप, नळी, होजचा जोड यांपैकी काहीतरी. दोन्हीत टाकी भरते आणि रेडिएटर रिकामा होतो. फक्त टाकी बघून हा फरक कळणार नाही.

वळणवाट दादा, तुमच्या त्या गाडीत थंड स्टार्टनंतर होज पाइप कसे लागायचे, आठवतं का?

वळणवाट | शनिवार, दुपारी १२:२०

चांगलंच आठवतं. सकाळी चालू करून एका मिनिटात वरचा होज दगडासारखा कडक. इंजिन कोमटही झालेलं नसायचं. कॅप उघडून चालू केली तर गळ्यात सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे, थांबायचेच नाहीत. जोरात पळवली की टाकीतून फेस. सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि गोड वास. प्लग काढला तर धुऊन पुसल्यासारखा स्वच्छ.

जुना_पाना | शनिवार, दुपारी १२:५५

गॅस्केट गेल्याची खूण याहून स्पष्ट मिळत नाही. थंड इंजिनात कूलंट फुगायला वेळ लागतो. मिनिटभरात होज कडक झाला तर तो दाब उष्णतेचा नव्हे, सिलिंडरचा.

तिसरा_गियर भाऊ, हीच परीक्षा तुमच्या गाडीची घ्या. सकाळी, थंड, कॅप लावलेली. चालू करा आणि वरचा होज दर १० सेकंदांनी दाबा. मग वेगळ्या दिवशी, पुन्हा पूर्ण थंड असताना, कॅप उघडी ठेवून बुडबुडे बघा. सुरुवातीला थोडे येतील आणि थांबतील, ती उरलेली हवा. न थांबता येत राहिले तर वायू. प्लग काढून बघा. इंजिन ऑइलचं झाकण उघडून आत कॉफीत दूध घातल्यासारखा रंग आहे का बघा. झाकणाखाली नुसता पिवळसर साय असेल तर घाबरू नका, कमी अंतर चालणाऱ्या गाडीत तो ओलावा असतो. खालून थोडं तेल काढून तेच दूधट आहे का हे महत्त्वाचं.

कुणाकडे ब्लॉक टेस्टर असेल तर उत्तम. त्यात निळा द्रव असतो, रेडिएटरच्या गळ्यातली हवा त्यातून ओढायची. ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा पिवळा होतो.

निळीटाकी | शनिवार, सायंकाळी ५:३०

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या गाडीत वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक आहे, तिथून कूलंटचा थेंब येतो आणि हिरवट पांढरं साचलंय. एकाने सांगितलं ते भोक एम-सीलने बुजवा. बुजवू का?

गॅरेजवाली | शनिवार, सायंकाळी ६:०५

ताई, कृपा करून बुजवू नका. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात: कूलंटच्या बाजूला मेकॅनिकल सील, इंजिनाच्या बाजूला ऑइल सील. दोन्हींच्या मध्ये हे भोक. कुठलंही एक सील झिजलं की गळती बाहेर दिसावी, आत मिसळू नये, एवढ्यासाठी. भोकातून कूलंट आलं तर मेकॅनिकल सील गेलं, तेल आलं तर ऑइल सील. भोक बंद केलंत तर कूलंटला एकच वाट उरते, इंजिन ऑइलकडे. बेअरिंगांना ते विष आहे.

पंप उघडलाच तर दोन्ही सील एकदम बदला, दांड्यावर चर पडलाय का नखाने तपासा, आणि नव्या मेकॅनिकल सीलच्या घासणाऱ्या तोंडाला बोट किंवा ग्रीस लावू नका. कूलंट कुठलं भरलं आहे तेही बघा. काही बाइक कंपन्या सिलिकेट नसलेलंच कूलंट वापरा असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहितात, कारण सिलिकेट या सीलला घासतं. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट तर कधीच मिसळू नका, रंग सारखा असला तरी. आत जेली होऊ शकते.

आणि गळती बंद करणारी पावडर-बाटली तर नकोच. मोटरसायकलच्या रेडिएटरच्या नळ्या इतक्या अरुंद असतात की गळतीआधी त्याच बंद होतात. बुजलेले रेडिएटर मी कापून बघितले आहेत.

तिसरा_गियर | सोमवार, सकाळी ९:१५

दोन दिवसांचा अहवाल.

होज: मिनिटभर मऊ, तीन मिनिटांनीही मऊ, फॅन लागायच्या सुमारास कडक. बुडबुडे: पहिल्या मिनिटात चार-पाच, नंतर काही नाही. प्लग: फिकट तपकिरी. तेल: स्वच्छ, खालून काढलं तेही.

एका मित्राकडून हाताने दाब भरायचा टेस्टर मिळाला. माझ्या कॅपवर १.१ लिहिलं आहे, म्हणून तेवढाच दाब भरला. १५ मिनिटांत काटा हलला नाही. मग कॅप टेस्टरवर लावली तर ०.६ बारलाच सुटली! रबरावर गोल खाच पडली आहे.

जुना_पाना | सोमवार, सकाळी १०:००

झकास काम केलंत. गॅस्केटचा संशय माझ्या मनातून जवळजवळ गेला. कॅप नक्की बदला, त्याच दाबाची, जास्तीची नको. जास्त दाबाची कॅप लावली की होज आणि सीलवर ताण येतो. ०.६ ला सुटणारी कॅप गरजेपेक्षा फार लवकर कूलंट टाकीत ढकलते.

कॅप घेताना दोन्ही रबरं बघा. खालचं स्प्रिंगचं, ते दाब धरतं. वरचं, झाकणाच्या कडेचं, ते गळ्याला वरून बंद करतं. वरचं नीट बसलं नाही तर गाडी निवताना टाकीतून कूलंट ओढण्याऐवजी कडेने हवा ओढली जाते.

वळणवाट | सोमवार, सकाळी १०:४०

होज मऊ म्हणजे माझ्यासारखं नाही हे खरं. बरं झालं हेड उघडलं नाहीत.

तिसरा_गियर | मंगळवार (पुढचा आठवडा), सकाळी ७:३०

नवी कॅप आठ दिवस झाली. ५ काड्या एकदाही नाही. पण रेडिएटर भरायला आज ४५ मिली लागलं आणि टाकीची खूण ६ मिलिमीटर वर. कमी झालं, थांबलं नाही. दाब तर सगळीकडे धरला होता. मग आता हवा शिरते कुठून?

गॅरेजवाली | मंगळवार, सकाळी ८:२०

टेस्टर कुठे लावला होता? गळ्यावर, कॅपच्या जागी, हो ना? तो गळ्याच्या आतल्या खालच्या कडेवर बसतो. टाकीकडे जाणारी तोटी त्या कडेच्या वर आहे. म्हणजे तोटी आणि टाकीपर्यंतची नळी या परीक्षेत आलीच नाही.

ती नळी जाताना फारसा त्रास देत नाही, ढकलताना थोडं झिरपलं तरी कळत नाही. परत ओढताना तिला बारीकशी चीरही पुरते, कारण हवा ओढणं कूलंट ओढण्यापेक्षा सोपं असतं. कूलंट बदलताना ही नळी काढली होती का?

तिसरा_गियर | मंगळवार, सकाळी ८:३५

हो! टाकी आतून धुवायची होती म्हणून गळ्याकडून उपटली होती. जरा जोर लावावा लागला होता.

जुना_पाना | मंगळवार, सकाळी ८:५०

आज संध्याकाळी गाडी पूर्ण तापवून, फॅन लागल्यावर बंद करा आणि नळीजवळ टॉर्च घेऊन बसा. अर्धा-पाऊण तास लागेल, पण निवतानाच हे दिसतं. नळी पारदर्शक असेल तर आतला कूलंटचा रकाना गळ्याकडे सरकताना दिसायला हवा. सलग सरकला तर नळी चांगली. मध्ये मध्ये बुडबुडे आले तर ते जिथून सुरू होतात तिथे चीर आहे. कॅपला हात लावायचा नाही.

तिसरा_गियर | मंगळवार, रात्री १०:०५

सापडलं!

गाडी बंद केल्यावर वीस मिनिटं काही नाही. मग रकाना हलायला लागला आणि गळ्याच्या तोटीपाशी, क्लिपच्या अगदी कडेला, बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली. क्लिपवर बोट दाबून धरलं की बुडबुडे बंद, सोडलं की सुरू. चार वेळा करून बघितलं.

गाडी निवल्यावर क्लिप काढली. तोटीवर बसणाऱ्या टोकाला ५ मिलिमीटरची उभी चीर, आणि भोवती वाळलेलं कूलंट. गोड वास तिथूनच यायचा. तोटीखालीच सायलेन्सरचा बेंड पाइप आहे, झिरपलेलं त्यावर पडून वाफ व्हायचं. म्हणून जमीन कोरडी.

नळीत पुरेशी लांबी होती. चिरलेलं टोक १५ मिलिमीटर कापून टाकलं, क्लिप नवी लावली. पुन्हा हवा काढली, दोन्ही खुणा केल्या.

वळणवाट | मंगळवार, रात्री १०:३०

इंजिन न उघडता! मनापासून आनंद झाला. माझ्या सध्याच्या गाडीची नळी उद्याच बघतो.

गॅरेजवाली | बुधवार, सकाळी ७:५५

अभिनंदन. एक गोष्ट करा. गाडी एकदा ६ काड्यांपर्यंत गेली होती, म्हणून पुढचे दोन-तीन महिने पंधरवड्यातून एकदा होजची थंड स्टार्टवाली परीक्षा घेत राहा. अति तापलेल्या गाडीचं गॅस्केट कधीकधी उशिरा बोलतं.

तिसरा_गियर | रविवार (तीन आठवड्यांनी), सकाळी ८:००

जवळजवळ तीन आठवडे, ९४० किलोमीटर. रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला, एक थेंबही घालावा लागला नाही. टाकीची खूण रात्री गरम असताना वर, सकाळी थंड झाल्यावर पुन्हा पट्टीवरच्या पहिल्या रेघेवर. ती रेघ रोज बघतो. थंड स्टार्टला होज मऊ.

जुना_पाना दादा, गॅरेजवाली ताई, वळणवाट दादा, तुमचे फार आभार. शीर्षकात 'सुटलं' जोडतोय.

निळीटाकी | रविवार, सकाळी ११:१०

माझाही पंप झाला. दोन्ही सील नवे, दांड्यावर चर नव्हता. भोक कालपर्यंत कोरडं होतं, रोज कापसाने पुसून बघते. ताई, कापसावर आज फिकट डाग आला, तेलाचा की कूलंटचा ते ओळखता येईना. कसं ओळखू?

गॅरेजवाली | रविवार, सकाळी ११:३०

कापूस पाण्यात बुडवा. कूलंट असेल तर विरघळून जाईल, तेल असेल तर पाण्यावर तवंग येईल. सील बसवताना दांड्याला लावलेलं तेल पहिले काही दिवस थोडं बाहेर येतं. दोन-चार दिवसांत डाग यायचा थांबला तर काळजी नको. वाढत गेला तर इथेच लिहा.